गोळी खाल्लेले डोळे

धरमपेठ मागे पडून अंबाझरीकडचा रस्ता जिथे मोकळा होतो, तिथे त्या काळी गोदूबाई स्मारक मानसोपचार रुग्णालय होतं. एवढं लांबलचक नाव पाटीपुरतं. रिक्षावाले आणि आसपासचे लोक त्याला गोदूबाईचा दवाखाना म्हणत, आणि कुणावर चिडले की ‘याले गोदूबाईकडे टाका’ म्हणत. ट्रस्टचा साठ खाटांचा दवाखाना. चाळीस खाटा पुरुषांच्या, वीस बायकांच्या. त्या वीस खाटांवर १९६३ पासून जयवंताबाईंचं राज्य होतं.

राज्य हा शब्द उगीच नाही. कागदोपत्री त्या अटेंडंट होत्या. म्हणजे झाडलोट, अंथरुणं, आंघोळी, वेण्या, आणि सिस्टरांनी काढून ठेवलेल्या गोळ्या ज्याच्या त्याच्या पोटात पोचवणं. पण सिस्टर दिवसातून दोनदा येऊन जायच्या, डॉक्टर एकदा. उरलेला सगळा दिवस वॉर्ड आणि जयवंताबाई समोरासमोर. कोण कुणाचं नाव घेतल्यावर जेवते, कुणाला आरसा दाखवायचा नाही, कोण रडायला लागली की तिला एकटी सोडायची आणि कोण रडायला लागली की अजिबात सोडायची नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. नवी सिस्टर आली की आठ दिवस स्वतःला वरिष्ठ समजायची. नवव्या दिवशी जयवंताबाईंना विचारून कामं करायला लागायची.

त्यांचं माहेर सावनेरजवळच्या खेड्यातलं, कास्तकाराचं. शिक्षण चौथी. लग्न होऊन नागपुरात आल्या, नवरा गिरणीत होता. तो छातीच्या रोगाने गेला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हतं. भाऊ त्यांना माहेरी घेऊन गेले, म्हणाले, इथंच राहा. जयवंताबाईंनी एकदा भावांची तोंडं पाहिली, एकदा वहिन्यांची पाहिली, आणि तेरावं आटोपताच नागपूरची एसटी धरली. गोदूबाईच्या दवाखान्यात बाई पाहिजे असं कुणीतरी सांगितलं. पहिल्याच दिवशी एका पेशंटबाईने त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. जयवंताबाईंनी मनगट नळाखाली धरलं आणि परत येऊन त्याच बाईचे केस विंचरले. पुढे कुणी त्याबद्दल विचारलं की म्हणत, “शुद्धीतल्या मानसाइनं मले याच्यापेक्षा जास्त चावलं आहे.”

१९६६ साली डॉक्टर मधुसूदन सोनटक्के आले. रांचीहून शिकून आलेले, उंच, बारीक, आणि सतत काहीतरी मोजायची सवय असलेले. वॉर्डात तेव्हा दोन गोळ्या चालायच्या. मोठी केशरी गोळी डोकं शांत करायची, पण तिच्यामुळे हातपाय आखडायचे, हात थरथरायचे. तसं होऊ नये म्हणून जोडीला छोटी पांढरी गोळी असायची. ही पांढरी भलतीच खोडकर होती. तोंड कोरडं पाडायची आणि डोळ्याची बाहुली, म्हणजे मधलं काळं भोक, रुंद करून ठेवायची. वर्षानुवर्षं अशा गोळ्या घेतल्यावर डोळ्यांचं काय होतं, हे डॉक्टरांना बघायचं होतं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते बायकांना एकेक करून पडदे लावलेल्या खोलीत बसवायचे. त्यांच्याकडे एक पुठ्ठ्याचा तुकडा होता, त्यावर दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत काळे ठिपके छापलेले. जयवंताबाईंनी तो पुठ्ठा पेशंटच्या डोळ्याशेजारी धरायचा. बाहुली कोणत्या ठिपक्याएवढी, ते डॉक्टर वहीत लिहायचे. मग बॅटरीचा झोत डोळ्यावर टाकायचा आणि बाहुली आकसायला किती वेळ घेते ते मनात मोजायचं. नव्या बाईची बाहुली उजेड पडताच टचकन मिटायची. गोळीवरच्या बाईची सहा-सात ठिपक्यांची असायची आणि झोपेतून उठवलेल्या माणसागत सावकाश, नाइलाजाने लहान व्हायची.

जयवंताबाईंना हे मोजमाप फार आवडलं. एरवी वॉर्डात काहीच मोजता येत नसे. बाई बरी आहे की नाही, दुःखी आहे की नुसती गप्प आहे, याचा ठिपका कुणी छापलेला नव्हता. इथे मात्र सहा म्हणजे सहा. शिवाय गेल्या तीन वर्षांत पाहिलेल्या कितीतरी गोष्टींचा त्यांना उलगडा झाला. वैशाखातल्या उन्हात बायका डोळे गच्च मिटून पदर ओढून का बसतात. तांदूळ निवडायला दिले तर खडे तसेच का राहतात. चांगल्या शिवणाऱ्या बायकांनाही सुईत दोरा का ओवता येत नाही. बाहुली रुंद झाली की ऊन सोसत नाही आणि जवळचं अंधुक दिसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून वॉर्डातल्या सगळ्या सुया जयवंताबाई स्वतः ओवून द्यायला लागल्या.

डॉक्टरांचं मोजणं पाच-सहा वर्षं चाललं. मग पेशंट वाढले, ट्रस्टच्या बैठका वाढल्या, आणि वही कपाटात गेली. जयवंताबाईंचं मोजणं मात्र थांबलं नाही. पुठ्ठा त्यांच्याकडेच राहिला, आणि पुढे त्याचीही गरज उरली नाही. नजरेनेच त्या ठिपका सांगायच्या.

आणि याच नजरेने त्यांना मोठं केलं. झालं असं की, १९६८ च्या उन्हाळ्यात एक बाई सगळ्यांदेखत गोळ्या गिळत होती, तोंड उघडून जीभ वर करून दाखवत होती, आणि तरी दिवसेंदिवस बिघडत होती. जयवंताबाईंनी तिच्या डोळ्यावर बॅटरी मारली तर बाहुली टचकन मिटली. गोळी खाल्लेला डोळा असा मिटत नाही! त्यांनी तिची उशी उसवली. कापसात बेचाळीस गोळ्या निघाल्या. डॉक्टर सोनटक्के म्हणाले, “जयवंताबाई, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.” ट्रस्टच्या लोकांसमोर त्यांनी ते पुन्हा सांगितलं, आणि जयवंताबाईंना एक नवीकोरी बॅटरी मिळाली.

त्यानंतर ती बॅटरी त्यांच्या कमरेला कायमची खोचलेली असायची. चार वाजता गोळ्यांची रांग लागली की कुणाच्याही डोळ्यावर झोत पडायचा. बाहुली चटकन मिटली की बाई पकडली गेली. काहींच्या उशीत गोळ्या सापडायच्या. काहींच्या कुठेच सापडायच्या नाहीत, मग त्या मोरीत थुंकत असणार हे उघडच होतं. पकडलेल्या बायका रडायच्या, शपथा घ्यायच्या. जयवंताबाई एकच उत्तर द्यायच्या, “तोंड खोटं बोलते वं, डोये नाही बोलत.” खरं सांगायचं तर या वाक्याचा त्यांना अभिमान होता. चौथी शिकलेल्या बाईला डॉक्टरांनी विचारावं, ‘हिचं काय वाटतं तुम्हाला?’, हे काही थोडंथोडकं नव्हतं.

शामला भिवापूरची. पासष्ट साली तिचा भाऊ मनोहरराव तिला घेऊन आला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, आणि तिच्या कानात सतत कुणीतरी बोलायचं. नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. केशरी गोळीने आवाज हळूहळू थांबले, पण गोळी कमी केली की परत यायचे. एकाहत्तरच्या गणपतीत भावाने तिला आठ दिवसांसाठी घरी नेलं होतं. पाचव्याच दिवशी परत आणून सोडलं आणि कारण काही नीट सांगितलं नाही. तेव्हापासून ती वॉर्डातच होती. कामसू, कमी बोलणारी. अठ्ठ्याहत्तर साली डॉक्टरांनी तिला तपासून, बोलून, पुन्हा तपासून ठरवलं की गोळ्या चालू ठेवून ही घरी राहू शकेल. मनोहररावाला पत्र गेलं. त्याचं उत्तरही आलं, दिवाळी झाली की येतो.

शामलाने ते पत्र तिघींकडून वाचून घेतलं. भावाच्या मुलांची नावं ती घोकायला लागली, चुकू नयेत म्हणून.

त्याच सुमारास वॉर्डात एक गंमत झाली. दिवाळीसाठी गोधड्या शिवायला घेतल्या होत्या आणि जयवंताबाई सुया ओवत बसल्या होत्या. त्यांचे स्वतःचेच डोळे आता जवळचं नीट बघत नव्हते. शामला पुढे आली, सुई घेतली, दोरा तोंडात ओला केला आणि एका झटक्यात ओवला. मग दुसरी, मग तिसरी. बायका टाळ्या पिटायला लागल्या. शामला तेरा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसली.

जयवंताबाई हसल्या नाहीत. त्यांनी कमरेची बॅटरी काढली.

बाहुली चार ठिपक्यांची होती आणि टचकन मिटली.

“शामले, गोळी कोठी टाकून राहिली तू?”

“टाकत नाही बाई. खाते जी मी. तुमच्यासमोरच तं खाते.”

“मंग सुई कशी ओवली वं?”

यावर शामला काय सांगणार? दिसलं म्हणून ओवली. उशी उसवली, गादी झटकली, मोरीची जाळी काढली. काही सापडलं नाही. जयवंताबाई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, “खात्री आहे तुमची?”

“हातच्या कांकनाले आरसा कायले पायजे, साहेब? सुईत दोरा ओवून राहिली ती.”

डॉक्टरांनी फार वेळ विचार केला नाही. दहा वर्षांत या बाईची नजर चुकल्याचं त्यांना माहीत नव्हतं. कित्येक आठवडे पोटात गोळी नसेल तर आजार कधीही उलटेल, म्हणून त्यांनी केशरी गोळी दुप्पट केली आणि सगळ्या गोळ्या कुटून, पाण्यात कालवून, समोर बसून पाजायला सांगितल्या. जयवंताबाईंनी ते काम चोख केलं. दोन्ही वेळा खलबत्त्यात गोळ्या कुटल्या, पाजल्या, आणि शामलाने उलटी करू नये म्हणून अर्धा तास शेजारी बसून राहिल्या. शामला मुकाट प्यायची. वॉर्डातल्या बायका तिला लबाड म्हणायला लागल्या. वेड लागलेल्या माणसांत लबाडीला माफी असते असं ज्याला वाटत असेल, त्याने एखाद्या वॉर्डात आठ दिवस काढावेत.

दिवाळी झाली आणि मनोहरराव आला. डोक्यावर टोपी, हातात बहिणीसाठी नवं लुगडं. समोर जे माणूस आणून उभं केलं ते पाहून त्याने लुगडं पुढे केलंच नाही. शामलाची मान आखडलेली, हात शरीराला चिकटलेले, चालताना पाय उचलत नव्हती, फरफटत होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती आणि ती पुसायला हात वर जात नव्हता. तिने भावाच्या मुलांची नावं सांगायचा प्रयत्न केला. जीभ जड झाल्याने ती कुणालाच कळली नाहीत.

“पत्रात तं लिवलं होतं का बरी झाली,” मनोहरराव जयवंताबाईंना म्हणाला. “हे बरी झाली म्हनते का, बाई? घरी लहान लेकरं आहेत. मी कसा नेऊ हिले?” डॉक्टर त्या दिवशी वर्ध्याला गेले होते. मनोहररावाने डोळे पुसले, लुगडं खाटेवर ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

वाईट जयवंताबाईंनाही वाटलं. पण गोळ्या थुंकल्या नसत्या तर ही वेळ आली नसती, असं त्या स्वतःला सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, निदान गोळी तरी नीट लागू पडली असेल, तेवढं समाधान मिळवावं म्हणून त्यांनी शामलाच्या डोळ्यावर बॅटरी मारली.

बाहुली चार ठिपक्यांची होती. झोत पडताच टचकन मिटली.

जयवंताबाईंनी दुसरा डोळा पाहिला. तोही तसाच. त्यांनी कित्येक वर्षांनी पुठ्ठा शोधून काढला आणि तो शेजारी धरला. चारच. एकवीस दिवस त्यांनी स्वतःच्या हातांनी कुटून, समोर बसून गोळ्या पाजल्या होत्या. एक कण बाहेर गेला नव्हता. थुंकल्यामुळे बाहुली लहान झाली असती, तर आतापर्यंत ती सहाची व्हायला हवी होती. ती झाली नव्हती, म्हणजे शामलाने गोळी थुंकलेलीच नव्हती. शामला खरं बोलत होती, आणि तिला घरी जायच्या दारातून मागे ओढणारी बाई दुसरी कुणी नव्हती.

जयवंताबाई मोरीत जाऊन रडल्या. रडून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही आणि कधी ठाऊक होणारही नाही. शामलाचं ऐकतं कोण? डॉक्टर आता बाहुल्या मोजत नाहीत. गप्प बसलं तर आपली नजर, आपला मान, आपली बॅटरी सगळं जागच्या जागी राहील. तीन दिवस त्या गप्पच बसल्या. हे सांगायला हवं, कारण पुढे लोक त्यांना फार सरळ बाई म्हणायचे. सरळ होत्या, पण तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाटातली वही काढली आणि बराच वेळ पानं उलटली. शामलाच्या नावापुढे पहिल्या वर्षी साडेसहा होते. शेवटी मोजलं त्या वर्षी साडेपाच.

“उतरतच होती,” ते म्हणाले. “इतकी वर्षं तीच गोळी घेतल्यावर काही जणांच्या अंगाला तिची सवय होत असावी. सगळ्यांच्या होत नाही. मला नक्की माहीत नाही, जयवंताबाई. मी मोजणं सोडलं.” मग वही मिटून म्हणाले, “तुम्ही सांगितलंत, पण सही माझी आहे.”

डोस त्याच दिवशी कमी झाला. लाकूड झालेलं शरीर सैल व्हायला दोन महिने लागले. डॉक्टरांनी मनोहररावाला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्याचंही आलं नाही. तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी जयवंताबाईंनी इतवारी स्टेशनवर जाऊन छोट्या लाईनची, म्हणजे अरुंद रुळांवरची गाडी पकडली आणि भिवापूरला उतरल्या.

मिरचीचे दिवस होते. मनोहररावाच्या अंगणात लालभडक मिरची पसरलेली आणि तो, त्याची बायको शोभाताई आणि दोन मजूर बायका ती वरखाली करत होते. जयवंताबाईंना शिंकांमागून शिंका आल्या. शोभाताईने पाणी दिलं. बसायला गोणपाट टाकलं. पाणी पिऊन होताच जयवंताबाई बोलल्या, कारण आणखी थांबलं असतं तर बोलवलं नसतं.

“भाऊ, तुमच्या बहिनीनं गोळी सोडली नव्हती. मी म्हटलं का सोडली. माह्या बोलन्यावर डॉक्टरनं गोळी वाढवली, आन तुमाले ती लाकडावानी दिसली ते त्या वाढवलेल्या गोळीनं. आता ती पहिल्यावानी झाली. चूक माही होती, तिची नाही.”

मनोहररावाने विचारलं, “मंग डॉक्टर काहून नाही आले सांगाले?”

“त्याइनं दोन चिठ्ठ्या लिवल्या. पन चूक माही, तं मलेच याले पायजे ना.”

मनोहररावाने बायकोकडे पाहिलं. जयवंताबाई समजल्या की अडचण इथे आहे. शोभाताईने हातातलं सूप खाली ठेवलं. दुष्ट बाई नव्हती ती, आणि पाहुणीशी खोटं बोलायचीही नव्हती.

“खरं सांगू का बाई, मले तिच्या डोयाची भीती वाटे. गनपतीत आनली होती तवा नुसते काये डोये, पांढरं कमी अन् कायं जास्त. पाहे माह्याकडे, पन पाहते का नाही ते समजेच नाही. पोट्टे रडत. माहा लहाना तं तिच्या खोलीतच जाये नाही. मी म्हटलं, हिच्या आंगात अजून काही आहे.”

सात वर्षांपूर्वी शामलाला पाचव्या दिवशी परत का आणलं, हे जयवंताबाईंना आज कळलं. आणि दुसरीही एक गोष्ट कळली. ज्या लहान बाहुलीपायी त्यांनी शामलाला चोर ठरवलं, तेवढीच या घराला हवी होती. त्यांना लाज वाटली.

“वहिनी, ते गोळीचं काम होतं, आंगात काही नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आता तसे नाहीत तिचे डोये. आता तुमच्या-माह्यासारखे आहेत. तेच पाहून तं मी तिच्यावर आळ घेतला.”

शोभाताईने सूप पुन्हा उचललं. मग तिने विचारलं, “सूप पाखडता येते का तिले?”

“पाखडते. अन् सुई बी ओवते.”

जाताना शोभाताईने पिशवीभर मिरची दिली. कधी नेतो, हे मात्र कुणी बोललं नाही. जयवंताबाईंनी शामलाला यातलं काहीच सांगितलं नाही. एकदा आशा दाखवून मोडली होती, पुन्हा ते पाप नको.

चैत्रात, मिरची विकून झाल्यावर, मनोहरराव आला. बरोबर शोभाताई होती. शामला समोर आली तेव्हा शोभाताईने तिची हनुवटी धरून उजेडाकडे केली आणि नीट पाहिलं, बाजारात कापड बघावं तसं. मग म्हणाली, “चाल.” शामलाने भाच्यांची तिन्ही नावं घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद लिहून मनोहररावाला दोनदा समजावला. सगळं होईपर्यंत चार वाजले आणि वॉर्डात गोळ्यांची रांग लागली.

शामला नव्या लुगड्यात, काखेत गाठोडं घेऊन दारात उभी होती. जयवंताबाई गोळ्यांचा ट्रे घेऊन आल्या तशी ती म्हणाली, “बाई, मले एक पायजे.”

“काय वं?”

“या साऱ्याइले सांगा, मी थुकली नव्हती म्हनून. सहा महिने झाले, ह्या मले लबाड म्हनून राहिल्या.”

जयवंताबाईंनी रांगेकडे पाहिलं. डॉक्टरांना सांगितलं होतं. भावाला, भावजयीला सांगायला भिवापूरपर्यंत मिरचीत शिंकत जाऊन आल्या होत्या. पण रांगेतल्या बायकांना सांगायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सोळा वर्षं ज्यांच्या वेण्या घातल्या, त्यांना काही सांगणं लागतं असं त्यांनी कधी धरलंच नव्हतं. मनोहरराव दारातून म्हणाला, “चाल ना, गाडी जाईल.” शामला हलली नाही.

“ऐका वं साऱ्या जनी,” जयवंताबाई मोठ्याने म्हणाल्या. “शामलानं गोळी थुकली नव्हती. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. चूक माही होती.”

बायकांनी ऐकलं. शामलाने रांगेवरून एकदा नजर फिरवली, सगळ्यांनी ऐकल्याची खात्री केली आणि “जाते,” एवढं म्हणून निघाली. जयवंताबाईंच्या पाया पडली नाही, आणि ते बरोबरच झालं.

ती फाटकाबाहेर गेल्यावर जयवंताबाईंनी पहिली वाटी उचलली. रांगेत पहिली कौशल्या उभी होती. पन्नाशीची, महिन्यातून दोन-तीनदाच तोंड उघडणारी. तिने वाटी घेतली नाही.

“मी बी नव्हती थुकली,” कौशल्या म्हणाली.

“कवा वं?”

“माह्या पोरीचं लगन होतं तवा.”

जयवंताबाईंना आठवलं. पंचाहत्तरचा उन्हाळा. लग्नासाठी कौशल्याला चार दिवसांची सुट्टी मिळाली होती, आणि जायच्या आदल्या दिवशी रांगेत तिच्या डोळ्यावर झोत पडला होता. उशीत काही सापडलं नव्हतं. सुट्टी रद्द झाली. कौशल्या तेव्हा रडलीसुद्धा नव्हती, आणि त्याचाही अर्थ जयवंताबाईंनी गुन्ह्याची कबुली असाच लावला होता.

“मी बी नव्हती, बाई,” मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक. मग जी पंधराच दिवसांपूर्वी भरती झाली होती आणि जिच्या डोळ्यावर अजून कुणी बॅटरी मारलीच नव्हती, तीही म्हणाली, “मी बी नव्हती थुकली.” कोण खरं, कोण खोटं, ओळखायला जयवंताबाईंकडे आता काहीच नव्हतं. त्या नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या.

मग त्यांनी ट्रे खाटेवर ठेवला. कौशल्याची बाहुली त्या दिवशी केवढी होती, ते त्यांना अजून बरोबर आठवत होतं. साडेतीन. तिच्या मुलीचं नाव मात्र त्यांना माहीत नव्हतं.

“नाव काय वं तुह्या पोरीचं?”

“गोपिका,” कौशल्या म्हणाली. “काटोलले देली.”

गोळ्या त्या दिवशी साडेपाचला वाटल्या गेल्या. घरी जाताना जयवंताबाई फाटकाशी थांबल्या आणि काटोलची पहिली एसटी सकाळी किती वाजता सुटते, ते त्यांनी चौकीदाराला विचारून घेतलं.